बेळगावात बसून हिमालयातल्या रॉक-आइस अ‍ॅव्हलांचचं मॉडेल होतं का? होतं, पण आधी हे वाच

खानापूर तालुक्यातल्या एका फायनल इयर सिव्हिलच्या पोरीनं विचारलंय: प्रोजेक्टला हिमालयातलं रॉक-आइस अ‍ॅव्हलांच (खडक आणि बर्फ मिळून कोसळणारी दरड) घ्यायचं मनात आहे, घरात आठ जीबीचा लॅपटॉप आहे, हिमालय कधी बघितलेला नाही, गाईड सर म्हणतात "उगीच लांबचं कशाला, चोर्ला घाटातली दरड घे की". तर सॉफ्टवेअर कुठलं वापरू आणि म्यू-क्सायच्या (मॉडेलमधल्या घर्षणाच्या दोन आकड्यांच्या) व्हॅल्यू किती घालू, एवढाच प्रश्न आहे.

तुला तू म्हणतो, राग मानू नकोस, वयानं दुप्पट तरी असणार मी. मी जिओलॉजीवाला, मूळ बेळगावचाच, बारा-तेरा वर्षं उत्तराखंड-हिमाचलात उतारांची आणि दरडींची कामं केली आणि आता परत इकडं येऊन शिकवतो, त्यामुळं तुझी अडचण दोन्ही बाजूंनी कळते.

पहिलं म्हणजे तू विचारलंयस सॉफ्टवेअर, पण अडणार आहेस तू दुसरीकडंच. बटण दाबलं की रंगीत नकाशा कुठलंही सॉफ्टवेअर देतं, लाल-पिवळं दिसतं, बाहेरून आलेले एक्झामिनर खूष होतात. खरा प्रश्न असा आहे की तुझ्या मॉडेलमधून जे येईल ते खरं की खोटं हे तू कशाशी ताडून बघणार. दरड कधी सुटणार हे ही मॉडेलं सांगतच नाहीत बघ, हे आधी डोक्यात पक्कं कर. "इथून एवढा माल सुटला तर कुठपर्यंत जाईल, किती वेगानं, किती उंचीनं" एवढंच ती सांगतात. किती माल सुटणार आणि त्यात बर्फ किती हे तूच सांगायचं असतं, आणि निम्म्याहून जास्त चूक तिथंच होते.

म्हणून माझं म्हणणं, भविष्यातलं काल्पनिक काही घेऊ नकोस, होऊन गेलेली घटना घे आणि उलटा हिशेब कर, ज्याला आम्ही बॅक-अ‍ॅनालिसिस म्हणतो. आणि आपल्यासाठी उत्तराखंडातल्या चमोलीइतकी चांगली केस नाही.

७ फेब्रुवारी २०२१, रविवार, सकाळी सव्वादहानंतर पाच-सहा मिनिटांनी रोंटी शिखराच्या उत्तरेकडचा कडा सुटला. टीव्हीवर दिवसभर "ग्लेशियर फुटला, तलाव फुटला" चाललेलं, आणि खरं सांगतो मलाही पहिले काही तास तलावच वाटलेला, पण भर हिवाळ्यात, पाऊस नाही पाणी नाही, एवढं पाणी आणणार कुठून? मग सॅटेलाईटचे फोटो आले आणि वर डोंगरावर ताजा काळा चट्टा दिसला, तलाव कुठंच नाही. साडेपाच हजार मीटर उंचीवरून सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर माल सुटलेला, त्यात अंदाजे ८० टक्के खडक आणि २० टक्के बर्फ. खाली रोंटी गाड या ओढ्याच्या तळापर्यंतच सुमारे १,८०० मीटरची घसरगुंडी, तिथून ऋषिगंगा, मग धौलीगंगा. रैणी गावाजवळचा १३.२ मेगावॅटचा ऋषिगंगा प्रकल्प वाहून गेला, तपोवनचा ५२० मेगावॅटचा बांधकामातला प्रकल्प गाळानं भरला, दोनशेहून जास्त माणसं गेली किंवा बेपत्ता झाली. रैणी म्हणजे चिपको आंदोलनातलं गौरा देवींचं गाव.

२ कोटी ७० लाख घनमीटर म्हणजे किती ते डोळ्यासमोर येत नाही न्हवं? कळसा-भांडुराच्या पाण्याच्या भांडणापायी आपल्याकडं शाळेतल्या पोरांनाही टीएमसी (एक अब्ज घनफूट) पाठ असतो, तर एक टीएमसी म्हणजे २ कोटी ८३ लाख घनमीटर. थोडक्यात एक टीएमसीला जरासं कमी, फक्त पाणी नव्हे, दगड आणि बर्फ, वजनात सहा कोटी टन, आणि ते सगळं एका झटक्यात कड्यावरून सुटलेलं.

आता मजा बघ. कडा सुटला तो कोरडा आणि गोठलेला, आणि खाली व्हिडिओत दिसतो तो चिखलाचा लोंढा. पाणी आलं कुठून? हे तू वहीवर स्वतः करून बघ, सॉफ्टवेअर लागत नाही. कड्यापासून ऋषिगंगा प्रकल्पाच्या आसपास येईपर्यंत साधारण ३,४०० मीटर उंची कमी होते. आपला गोकाकचा धबधबा ५२ मीटरचा, म्हणजे गोकाकचे ६५ धबधबे एकावर एक ठेवले असं समज. गोकाकात पडणारं पाणी पडून पडून जेमतेम ०.१२ अंशानं तापेल, कुणाला कळणारही नाही. पण ३,४०० मीटरला एका किलोमागं ९.८ गुणिले ३,४००, म्हणजे सुमारे ३३ किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते आणि शेवटी घर्षणात जिरते. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात. म्हणजे नुसता बर्फच पडला असता तर जेमतेम दहावा हिस्सा वितळला असता, बाकीचा खाली ढीग होऊन पडला असता.

पण इथं बर्फ घनफळानं २० टक्के, आणि बर्फ हलका, खडक जड. एक घनमीटर मालात खडक २,१२० किलो, बर्फ १८० किलो, म्हणजे वजनानं बर्फ आठ टक्क्यांच्या आतच. एक किलो मालातला तेवढा बर्फ वितळायला सुमारे २६ किलोज्यूल. बर्फ आणि खडक दोन्ही उणे ८ अंशावर होते असं धर, तर त्यांना शून्यावर आणायला अजून सात किलोज्यूल. बेरीज ३३. हातात किती होते? ३३! हा हिशेब पहिल्यांदा मांडला तेव्हा मी चहा तसाच सोडून परत तपासलेला, एवढं तंतोतंत जुळणं हा थोडा योगायोग आहे (तापमान मी धरलंय, आणि सगळी ऊर्जा काही बर्फालाच मिळत नाही, नदीतला जुना बर्फ आणि ओला गाळही लोंढ्यात आला), पण मुद्दा कळला का? वितळवलं ते खडकाच्या वजनानं. बर्फ जास्त असता तर लोंढा एवढा पातळ झाला नसता, बर्फ अगदी नसता तर कोरडी दरड होऊन वरच्या खोऱ्यातच बसली असती. अभ्यास करणाऱ्यांचा निष्कर्षही हाच आहे की जवळजवळ सगळा बर्फ वितळला. तुझ्या रिपोर्टात हे एक पान घातलंस तरी मी असतो तर निम्मे मार्क इथंच दिले असते.

आता म्यू-क्साय. व्होल्मी नावाच्या स्विस माणसानं १९५५ मध्ये बर्फाच्या हिमस्खलनासाठी मांडलेलं हे सूत्र, अजून आम्ही सगळे त्याच्यावरच जगतो. दोन विरोध धरायचे: एक कोरड्या घर्षणाचा, तो म्यू, वजनाच्या प्रमाणात; दुसरा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढणारा, तिथं क्साय भागाकारात येतो. सोप्या भाषेत म्यू ठरवतो माल कुठं थांबणार आणि क्साय ठरवतो किती जोरात धावणार. खडक-बर्फाच्या घटनांचे पेपर चाळलेस तर म्यू ०.०५ पासून ०.२ च्या वरपर्यंत पसरलेला दिसेल आणि क्साय काहीशेपासून दोन हजारांच्या पुढंपर्यंत. म्हणजे "कितीची व्हॅल्यू घालू" याला एका आकड्याचं उत्तर नाही, आणि जो एक आकडा सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस, माझ्यावरसुद्धा.

पण एक गोष्ट हातानं कळते. उताराचा टॅन्जंट म्यूपेक्षा कमी झाला की माल मंदावायला लागतो. म्यू ०.१ धरलास तर पावणेसहा अंशांच्या खालच्या उतारावर ब्रेक लागला. वर कड्याखाली उतार ३५ अंशांचा, तिथं ०.१ नं माल सुसाट सुटतो. पण खाली नदीचा उतार दोन-तीन अंशांचा, टॅन्जंट ०.०३-०.०५. तिथं तुझं मॉडेल तपोवनच्या कितीतरी आधी गपकन थांबणार, आणि प्रत्यक्षात लोंढा तपोवनच्याही पुढं गेला. मग पोरं काय करतात, सगळीकडंच म्यू ०.०२ घालतात, की खाली पोचतं आणि वर वेग एवढा येतो की विमानाशी शर्यत. हे बघितलंय मी, थीसिसमध्ये, सही-शिक्क्यासकट.

कारण वर जे पळतंय ती दरड आहे आणि खाली जे वाहतंय ते पाणी-चिखल आहे, वाटेत वस्तूच बदलली. म्हणून दोन तुकडे कर. वरचा तुकडा व्होल्मीनं, रोंटी गाडच्या तळापर्यंत. खालचा वेगळा, कमी म्यूनं किंवा सरळ पुराच्या सॉफ्टवेअरनं. जोडायच्या जागी काय गृहीत धरलंस ते स्वच्छ लिही. आर डॉट अ‍ॅव्हाफ्लो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, मार्टिन मेर्गिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं, ग्रास जीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये चालतं, त्यात घन, बारीक घन आणि पाणी असे तीन फेज एकत्र सोडता येतात. भारी आहे, पण पॅरामीटर इतके की तुझ्या आठ महिन्यांत तू त्यातच हरवशील. रॅम्स हे दुसरं सॉफ्टवेअर स्वित्झर्लंडमधल्या दाव्होसवाल्यांचं, वापरायला सोपं, पण लायसन्सचे पैसे पडतात, कॉलेजकडं असेल तर बघ. नसेल तर अ‍ॅव्हाफ्लोच घे, एकाच फेजनं सुरू कर.

आता डीईएम, म्हणजे चौकटी-चौकटीनं जमिनीची उंची दाखवणारा डिजिटल नकाशा. इथं माझी स्वतःची फजिती सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत हिमाचलातल्या एका नाल्याचं काम होतं, तीस मीटरच्या डीईएमवर रन केलं आणि माल नाल्यातून उसळून बाजूच्या सपाटीवरच्या वस्तीवर चढला. मी छानपैकी रिपोर्टात लाल रंग भरून वस्ती धोक्यात म्हणून लिहिलं. मग तिथं गेलो. सफरचंदाच्या बागेच्या कडेला एक म्हातारबा उभे होते, त्यांना नकाशा दाखवला तर हसले आणि मला हाताला धरून कडेपर्यंत नेलं. खाली बघतो तर नाला कुठं दिसेचना, नुसता आवाज. रेंजफाइंडर लावला तर साठ मीटर खोल आणि रुंदी चाळीसच्या आसपास. चाळीस मीटरची घळ तीस मीटरच्या पिक्सेलमध्ये म्हणजे एखादाच पिक्सेल, तोही दोन्ही काठांची सरासरी होऊन भरून आलेला. माझ्या डीईएममध्ये घळच नव्हती! म्हातारबांनी मग बागेतली सफरचंदं दिली, आणि मी रात्री बसून रिपोर्ट बदलला.

ऋषिगंगेची घळही अरुंद आहे, तिथंही हेच होणार. फुकटातलं म्हटलं तर कोपर्निकसचा ३० मीटर चांगला आहे, भुवन या इस्रोच्या वेबसाईटवर कार्टोडीईएम मिळतो, आणि हिमालयासाठी ८ मीटरचे डीईएमही उपलब्ध आहेत, त्यात भोकं असतात ती भरावी लागतात. एक सावधगिरी: अ‍ॅलोसचा साडेबारा मीटरचा डीईएम म्हणून जो सगळेजण उतरवून घेतात तो आपल्या भागात मुळात एसआरटीएमच (नासाचा जुना, जाड चौकटीचा डीईएम) आहे, तोच बारीक चौकटीत परत कापलेला. आकडा १२.५ दिसतो म्हणून तपशील वाढत नाही, पाणी घालून ताक वाढवल्यासारखं ते.

ताडून कशाशी बघायचं, तर तीन-चार गोष्टी आहेत. सुटलेला माल किती, ते आधीच्या आणि नंतरच्या डीईएमच्या वजाबाकीतून आलेलं आहे, ते वापर. वेग व्हिडिओंवरून काढलेले आहेत, ऋषिगंगा प्रकल्पाजवळ सेकंदाला सुमारे २५ मीटर, तपोवनच्या जरा वर १६, त्याच्या खाली १२. भूकंपमापकांवर घटनेची वेळ उमटलेली आहे. आणि चौथी गोष्ट तुला सिव्हिलवाली म्हणून आवडेल: वळणावर लोंढा बाहेरच्या बाजूला वर चढतो, त्याची चिखलाची रेघ दोन्ही काठांवर राहते. हे तेच सुपरएलिव्हेशन आहे जे तू हायवे इंजिनिअरिंगमध्ये शिकलीस, फक्त उलटं वापरायचं. रस्त्याला वेगावरून कडेचा चढ ठरवतो, इथं चढावरून वेग. उदाहरणादाखल वळणाची त्रिज्या २०० मीटर, लोंढ्याची रुंदी १००, बाहेरची रेघ आतल्यापेक्षा ४० मीटर उंच, तर ९.८ गुणिले २०० गुणिले ०.४ चं वर्गमूळ, म्हणजे सेकंदाला २८ मीटर, ताशी शंभर किलोमीटर. जांबोटीच्या पुढं चोर्ल्याच्या वळणावर ताशी शंभरनं कुणी गेला तर काय होईल ते तुला माहीतच आहे.

एक जुनी पद्धतही घाल, खर्च शून्य. १८८१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एल्म गावावर दगडाच्या खाणीवरचा कडा कोसळला, ११५ माणसं गेली, आल्बर्ट हाइम यांनी त्याचा अभ्यास केला आणि पुढं एक साधं माप रूढ झालं: सुटलेल्या जागेपासून थांबलेल्या जागेपर्यंतची उंची भागिले आडवं अंतर. साध्या कोरड्या खडकाला हे ०.६ च्या आसपास यायला पाहिजे, पण माल जेवढा मोठा तेवढं कमी होत जातं, आणि वाट हिमनदीवरून असेल तर अजून कमी, तळाला घसरगुंडीच मिळते की. रशियात २००२ मध्ये कोल्का हिमनदीचा माल १८ किलोमीटरच्या वर पळाला तो असाच. तुझ्या मॉडेलचं उत्तर या मापाच्या पार बाहेर गेलं तर मॉडेलवर शंका घे, आधी डीईएमवर.

आता गाईड सरांचं. ते चुकीचं सांगत नाहीत. चोर्ल्याची किंवा माळीणसारखी दरड (२०१४, १५१ माणसं) म्हणजे पावसानं भिजलेली माती, तिथं पाण्याचा दाब हा खलनायक, तिकडं हिमालयात कड्याच्या फटीतला बर्फ हा. आणि त्यातली गंमत अशी की फटीतला बर्फ वितळायच्या आधीच, शून्याच्या एक-दीड अंश खालीच कमजोर पडतो, म्हणून तापमान थोडं वाढलं तरी उंच कडे ढिले होतात. चमोलीला नेमकं तेवढ्याचमुळं झालं असं मात्र लिहू नकोस, एका कड्यावर एवढा सरळ आरोप ठेवता येत नाही. घाटातल्या दरडीचा फायदा हा की तू एसटीनं जाऊन संध्याकाळी घरी येऊ शकतेस, टेप लावू शकतेस, माती आणून लॅबमध्ये टाकू शकतेस. चमोलीत ते नाही, दुसऱ्यांच्या मोजमापावर जगायचं. सरांना जर फील्डवर्क पाहिजेच असेल तर वाद घालू नकोस, घाट घे आणि तिथं व्होल्मी चालव. पण सर नुसतं "जमेल का तुला" म्हणून कचरत असतील तर वरचं ३३ किलोज्यूलचं पान घेऊन जा त्यांच्याकडं.

कुणीतरी व्हायव्हात विचारेलच, "मग याचा उपयोग काय, अंदाज तर देता येत नाही". त्याला दोन नावं सांग. रोंटीच्या कड्यावरची फट २०१६ पासूनच्या सॅटेलाईट फोटोंत रुंदावताना दिसते, फक्त तेव्हा बघत कुणी नव्हतं. आणि स्वित्झर्लंडमधलं ब्लाटेन, मे २०२५: वरचा डोंगर बिर्च हिमनदीवर सुटा होऊन पडत होता, त्यांनी मोजलं, सुमारे तीनशे वस्तीचं गाव नऊ दिवस आधी रिकामं केलं, आणि २८ मे ला सगळं खाली आलं, गाव जवळजवळ पूर्ण गाडलं गेलं, माणूस एक गेला. कधी ते कॅमेऱ्यांनी आणि रडारनं सांगितलं. कुठपर्यंत हा मॉडेलचा भाग.

रन किती करायचे? एक आकडा देऊ नकोस, पट्टा दे. व्हॉल्यूम तीन, म्यू पाच, क्साय तीन, म्हणजे ४५ रन. ३० मीटरच्या सेलवर तुझा लॅपटॉप एवढं ओढेल, ८ मीटरवर नाही ओढणार, तिथं दोन-चारच कर, रात्री लावून झोप. मध्ये मध्ये आउटपुट सेव्ह होईल असं सेटिंग ठेव पण, कारण पावसाळ्यात आपल्याकडं रात्री दोन वाजता लाईट जाणार म्हणजे जाणारच आणि आठ जीबीवाल्या लॅपटॉपची बॅटरी किती टिकते ते मला माहितेय.

आधी नुसता नदीचा उभा छेद काढ, कड्यापासून तपोवनपर्यंत, उतार किती-किती अंश ते त्याच्यावर लिही आणि दाखव. तो बघितल्याशिवाय म्यूवर मी पुढं एक अक्षर बोलणार नाही.